बंदुकीच्या वाटेने आलेला कॅमेरा : बेळगाव सीमाभागातील वन्यजीव छायाचित्रणाची पार्श्वभूमी

बेळगाव जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, कणकुंबी-जांबोटीच्या माथ्यावर, वर्षाकाठी काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेकडील अथणी तालुक्याला जेमतेम पाच-सहाशे मिलिमीटरवर भागवावे लागते. सदाहरित जंगल आणि कोरडे माळरान एकाच दिवसात पाहता येईल असे जिल्हे फार नाहीत. त्यामुळे पावसाळ्यात चोर्ला घाटात बेडूक आणि साप शोधणारी, हिवाळ्यात घटप्रभेच्या पाण्याकाठी कांड्या करकोच्यांची वाट पाहणारी आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये धनेशांसाठी दांडेली-गणेशगुडी गाठणारी बेळगाव, खानापूर, निपाणी, कोल्हापूरकडची छायाचित्रकार मंडळी आता सर्वांच्या परिचयाची झाली आहेत. ही ओढ निसर्गप्रेमातून उपजली, असे सहसा सांगितले जाते. इतिहास मात्र वेगळे सांगतो. वन्यप्राण्यांच्या छायाचित्रणाने आपली कौशल्ये, साधने आणि बऱ्याच अंशी आपली ईर्षाही शिकारीकडून घेतली आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात काचेवर ओले रसायन लावून, ते सुकण्याच्या आत चित्र घेऊन धुवावे लागे, आणि त्यासाठी समोरची वस्तू काही सेकंद तरी स्थिर हवी असे. जिवंत रानटी जनावर अशा कॅमेऱ्यापुढे येणे शक्यच नव्हते. १८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्स यांनी सुचवलेल्या जिलेटिनच्या कोरड्या काचांमुळे ही अडचण हळूहळू दूर झाली. १८८२ मध्ये फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ एतिएन-ज्यूल मारे यांनी उडत्या पक्ष्यांची सेकंदाला बारा चित्रे टिपणारा कॅमेरा बनवला, तो दिसायला आणि वापरायला हुबेहूब बंदुकीसारखा होता. इंग्लंडमध्ये कीर्टन बंधूंनी १८९२ पासून पक्ष्यांच्या घरट्यांची छायाचित्रे घेतली आणि पक्ष्यांना संशय येऊ नये म्हणून बैलाच्या पोकळ कातड्यात लपून बसण्यापर्यंत मजल मारली. अमेरिकेत जॉर्ज शिरास हे मूळचे शिकारीच. रात्री होडीत दिवा ठेवून हरणांचे डोळे दिपवायचे, ही आदिवासी शिकाऱ्यांची रीत त्यांनी उचलली आणि बंदुकीच्या जागी कॅमेरा व चमकदिवा (फ्लॅश) ठेवला. १९०६ मध्ये ‘नॅशनल जिऑग्राफिक’ने त्यांची ७४ छायाचित्रे एकाच अंकात छापली.

भारतात हेच काम एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने केले. संयुक्त प्रांताच्या (आताचे उत्तर प्रदेश व उत्तराखंड) जंगलात जनावरांच्या वाटेवर तार ताणून ठेवायची, वाघाचा पाय तिला लागला की चमकदिवा पेटून कॅमेऱ्याची झडप उघडावी, अशी त्यांची रचना होती. त्यांनी टिपलेली वाघांची छायाचित्रे १९२५ मध्ये लंडनमधील सचित्र साप्ताहिकात झळकली. चॅम्पियन यांनी आणखी एक गोष्ट हेरली होती: प्रत्येक वाघाचे पट्टे निराळे असतात आणि त्यावरून एकेक वाघ ओळखता येतो. या निरीक्षणाचे खरे मोल पुढे सत्तर वर्षांनी कळले.

आपल्या भागात या काळात प्राणी नोंदवण्याची सर्वमान्य पद्धत म्हणजे तो मारून त्याचे कातडे संग्रहालयात पाठवणे. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात होते. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात देशभरातील सस्तन प्राण्यांची पाहणी हाती घेतली, तेव्हा खानापूर तालुक्यातील तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांतून एक वटवाघूळ हाती लागले. १९१३ मध्ये ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ ओल्डफिल्ड थॉमस यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि रॉटन यांचे नाव त्याला दिले. त्यानंतर कित्येक दशके जगात या जातीची ज्ञात वस्ती फक्त त्या गुहांतच होती. अलीकडे मेघालयात आणि कंबोडियातही तिची नोंद झाली. तालुक्याबाहेर फारशी कुणाला ठाऊक नसलेली ही गुहा जगभरच्या प्राणिशास्त्राला शंभर वर्षांपूर्वीच माहीत होती, ही गोष्ट बेळगावकरांनी थोडी मिरवायला हरकत नाही.

शिकार थांबली ती टप्प्याटप्प्याने. शेजारच्या कारवार जिल्ह्यात दांडेली अभयारण्य १९५६ मध्ये झाले, त्याच वर्षी बेळगाव राज्य पुनर्रचनेत म्हैसूर राज्यात गेले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आली. त्याच कायद्याच्या २८ व्या कलमात अभयारण्यात प्रवेशाचा परवाना ज्या कारणांसाठी देता येतो त्यांत छायाचित्रणाचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे ज्या कायद्याने बंदुकीला दार बंद केले, त्यानेच कॅमेऱ्यासाठी ते उघडे ठेवले. गोकाक तालुक्यातील धुपदाळ बंधाऱ्यामागचे पाणी १९७४ मध्ये घटप्रभा पक्षी अभयारण्य झाले. भीमगडला हा दर्जा मिळायला २०११ साल उजाडले.

दक्षिणेत याच दशकांत छायाचित्रकारांची एक भक्कम फळी उभी राहिली. मद्रासचे एम. कृष्णन, बंगळूरचे टी. एन. ए. पेरुमल आणि संडूरच्या मराठा राजघराण्यातील एम. वाय. घोरपडे ही त्यांतील ठळक नावे. कर्नाटकाचे अर्थमंत्री राहिलेल्या घोरपडे यांची ओळख कृष्णधवल छायाचित्रांमुळे देशाबाहेरही झाली.

तरीही बंदीपूर, नागरहोळे किंवा भरतपूरच्या तुलनेत खानापूरच्या जंगलाची छायाचित्रे फार उशिरा दिसू लागली. माझ्या मते याचे मुख्य कारण उजेड हे आहे. रंगीत पारदर्शिकांसाठी नावाजलेल्या कोडाक्रोम फिल्मचा वेग, म्हणजे प्रकाशाबद्दलची संवेदनशीलता, २५ किंवा ६४ आयएसओ असे. तेवढ्या मंद फिल्मवर सदाहरित जंगलाच्या दाट छायेत, तेही पावसाळी ढगांखाली, हलत्या प्राण्याचे स्वच्छ चित्र मिळणे जवळजवळ अशक्य होते. शिवाय एका रोलमध्ये छत्तीसच चित्रे, आणि ती कशी आली हे रोल धुऊन येईपर्यंत कळायचे नाही. २००३ नंतर सामान्य हौशी माणसाच्या आवाक्यात आलेल्या डिजिटल एसएलआर कॅमेऱ्यांनी हे चित्र पालटले. आज ६४०० आयएसओवर, म्हणजे ६४ वेगाच्या त्या फिल्मच्या शंभरपट संवेदनशीलतेवर, काम करणे नित्याचे झाले आहे. अंधारे, ओले, जळवांनी भरलेले घाटमाथ्याचे रान त्यामुळेच छायाचित्रकारांना खुले झाले.

उजेडाबरोबर विषयही बदलला. वाघ आणि गवा यांच्यापुरता असलेला मान चापडा साप, झाडबेडूक, बुरशी, कोळी यांना मिळू लागला. कॅसलरॉक परिसरातून २००५ मध्ये रातबेडकाची एक नवी जाती नोंदली गेली, तेव्हा रेल्वे स्थानकामुळे सर्वांना माहीत असलेल्या जागीही अनोळखी प्राणी सापडू शकतो, हे हौशी मंडळींच्या चांगलेच ध्यानात आले. आपण टिपलेले चित्र हा एखाद्या नोंदीचा पहिला पुरावा ठरू शकेल, ही आशा या छंदामागची मोठी प्रेरणा आहे, आणि ती ट्रॉफीच्या हव्यासापासून फार दूर नाही.

म्हणूनच शिकारीतले दोषही या छंदात उतरले. धनेशाची मादी ढोलीचे तोंड लिंपून आत बसते आणि कित्येक आठवडे नराने आणलेल्या फळांवर जगते; ढोलीसमोर माणसांचा घोळका दिसला तर नर फेरी टाळतो आणि आतल्या जिवांची उपासमार होते. साप काठीने उचलून सोयीच्या फांदीवर ठेवणे आणि वटवाघळांच्या गुहेत चमकदिवा उडवत राहणे, हे प्रकारही घडतात. घरट्याचे किंवा चापड्याचे चित्र प्रसिद्ध करताना जागेचे नाव न देण्याचा संकेत जबाबदार छायाचित्रकार आता पाळतात, तो याच अनुभवांमुळे.

चॅम्पियन यांच्या तारेचा वारसा मात्र वनखात्याकडे आणि संशोधकांकडे गेला. १९९० च्या दशकात वाघांचे अभ्यासक उल्हास कारंथ यांनी नागरहोळ्यात स्वयंचलित कॅमेरे लावून पट्ट्यांवरून वाघांची संख्या काढण्याची पद्धत रूढ केली, आणि पुढे देशभरच्या व्याघ्रगणनेत ती वापरात आली. आता दांडेलीचा काळी व्याघ्र प्रकल्प, भीमगड, गोव्याचे म्हादई अभयारण्य आणि महाराष्ट्रातील सह्याद्री व्याघ्र प्रकल्प ही सलग जंगले मानून अभ्यासली जातात, कारण कर्नाटकात टिपलेला वाघ पुढे महाराष्ट्रातील कॅमेऱ्यातही ओळखला गेला आहे. सीमाप्रश्नाची सवय झालेल्या आपल्याला हा निकाल हेवा वाटण्याजोगा आहे. हे कॅमेरे कोणत्या पायवाटेवर आणि कोणत्या पाणवठ्याशी लावायचे हे ठरवताना, पूर्वी शिकाऱ्यांना माग काढून देणाऱ्या वाड्या-वस्त्यांमधल्या माणसांचेच ज्ञान आजही कामी येते. छायाचित्राखालच्या ओळीत त्यांचे नाव सहसा नसते.