टायमिंग चेन ताणली जात नाही, ती झिजते

जुन्या डिझेल गाडीचा सौदा चालू असताना विकणारा हमखास सांगतो, की या इंजिनाला टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे, त्यामुळे आयुष्यभर पाहायला नको. यातला पहिला भाग खरा असतो. रबरी बेल्ट ठरावीक किलोमीटरनंतर किंवा वर्षांनंतर बदलावाच लागतो आणि त्याचे वेळापत्रक गाडीच्या पुस्तिकेत छापलेले असते. पोलादी चेनसाठी बहुतेक पुस्तिकांत असा आकडाच नसतो. आकडा नाही म्हणजे झीज नाही, असा अर्थ मात्र त्यातून निघत नाही.

आपल्याकडे हा प्रश्न मुख्यतः एका इंजिनामुळे घरोघरी पोहोचला आहे. फियाटचे १,२४८ सीसीचे मल्टिजेट डिझेल इंजिन २००३ मध्ये युरोपात आले, २००७ मध्ये मारुती स्विफ्टमधून ते भारतात लोकप्रिय झाले आणि पुढे टाटा व फियाटच्या गाड्यांसाठी ते पुण्याजवळच्या रांजणगावातही तयार होऊ लागले. या इंजिनाला टायमिंग चेन आहे. मारुतीने २०२० मध्ये डिझेल गाड्या बंद केल्या, तरी टॅक्सी म्हणून वा घरगुती वापरात दोन लाख किलोमीटर ओलांडलेल्या अशा गाड्या आजही भरपूर दिसतात.

चेनचे काम थोडक्यात सांगता येईल. चार स्ट्रोकच्या इंजिनात पिस्टनच्या वर-खाली हालचालीने फिरणाऱ्या दांड्याचे, म्हणजे क्रँकशाफ्टचे, दोन फेरे होतात तेव्हा झडपा उघडणाऱ्या कॅमशाफ्टचा एक फेरा व्हावा लागतो आणि हे गणित चेन सांभाळते. डिझेल इंजिनात पिस्टन वरच्या टोकाला आल्यावर झडपेसाठी जेमतेम जागा उरते. तीन हजार आरपीएमला क्रँकशाफ्ट एक अंश फिरायला सेकंदाचा अठरा हजारावा भाग पुरतो. म्हणजे पिस्टन आणि झडप एकाच जागेचा आळीपाळीने वापर करतात आणि पाळी चुकली तर त्यांची टक्कर होते. गॅरेजमध्ये ज्याला टायमिंग सुटणे म्हणतात ते हेच, आणि त्यानंतर हेड, म्हणजे झडपा असलेला इंजिनाचा वरचा भाग, उतरवण्यावाचून गत्यंतर नसते.

चेन ताणली गेली, असे आपण म्हणतो तेव्हा पोलादी पट्ट्या रबरासारख्या लांब झाल्याचे चित्र डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात पट्ट्यांची लांबी जवळपास तेवढीच राहते. चेन ही दाराच्या बिजागऱ्यांची माळ आहे: प्रत्येक सांध्यात एक पिन असते आणि ती एका बारीक नळीत, म्हणजे बुशमध्ये, फिरते. मँचेस्टरमध्ये स्थायिक झालेल्या हान्स रेनोल्ड या स्विस अभियंत्याने १८८० मध्ये बुश असलेल्या रोलर चेनचे पेटंट घेतले, त्यामागचा विचार हाच होता, की पिनचा भार पातळ पट्टीच्या कडेवर न येता नळीच्या लांब पृष्ठभागावर पसरावा. भार पसरला तरी घर्षण थांबत नाही. पिन आणि बुश यांच्यामध्ये प्रत्येक सांध्यात ०.०२ मिलिमीटर झीज झाली, तर ती डोळ्यांना दिसणार नाही; परंतु आठ मिलिमीटर अंतराच्या १३० सांध्यांची चेन धरली, तर एकूण लांबी २.६ मिलिमीटरने वाढते.

आता हे सांधे इतक्या तेलातही का झिजतात, ते पाहण्यासारखे आहे. चेनची कडी सरळ धावत असताना पिन बुशमध्ये हलत नाही. कडी दातेचक्रावर चढताना वाकते आणि उतरताना सरळ होते, तेवढ्यातच घर्षण होते. क्रँकशाफ्टच्या चक्राला २० दाते असतील तर सांधा १८ अंश वाकतो, कॅमच्या ४० दात्यांच्या चक्रावर ९ अंश. क्रँकशाफ्ट आपल्या बेअरिंगमध्ये अखंड वेगाने फिरतो, त्यामुळे तो स्वतःच तेल ओढून आपल्याखाली पाचर तयार करतो आणि त्या पाचरीवर जणू तरंगतो. पिनला ती संधी मिळत नाही. ती थोडी वळते, थांबते आणि उलट वळते. थांबण्याच्या क्षणी वेग शून्य असतो आणि तेलाची पाचर टिकत नाही. अशा वेळी धातू आणि धातू यांच्यामध्ये उरतो तो ऑइलमधील जस्त-फॉस्फरसच्या संयुगांनी पृष्ठभागावर बसवलेला अतिपातळ थर. डिझेलची काजळी नेमकी येथे आड येते. ज्वलनातून ऑइलमध्ये उतरणारे तिचे कण आणि त्यांचे पुंजके हे एका मायक्रॉनपेक्षाही लहान असतात, त्यामुळे फिल्टर त्यांतील बहुतेकांना अडवू शकत नाही. पण सांध्यातील फटीच्या मानाने ते पुरेसे मोठे आणि कठीण असतात आणि तो संरक्षक थर तयार होताच खरवडून काढतात. पिनचा बाहेरचा कठीण केलेला स्तर शाबूत असेपर्यंत झीज संथ असते. तो संपला, की आतले मऊ पोलाद उघडे पडते आणि पुढची झीज फार वेगाने होते. चेन वर्षानुवर्षे ठीक होती आणि अचानक गेली, या नेहमीच्या तक्रारीचे मूळ बहुधा या वक्ररेषेत आहे.

वाढलेल्या लांबीचे दोन परिणाम होतात आणि ते वेगळे ठेवले पाहिजेत. सैल बाजूचा ढिलेपणा टेन्शनर शोषून घेतो. ऑइलच्या दाबावर त्याचा दट्ट्या बाहेर येतो आणि गाइड नावाच्या पट्टीमार्फत चेनला रेटून धरतो. ओढणाऱ्या बाजूची वाढ मात्र त्याला भरून काढता येत नाही. त्या बाजूला ५० कड्या असतील, तर एक मिलिमीटर वाढ म्हणजे कॅमशाफ्टला साधारण एक अंशाचा आणि क्रँकशाफ्टच्या मापाने दोन अंशांहून थोडा अधिक उशीर. टेन्शनर अशा रीतीने आवाज झाकतो, पण चूक दुरुस्त करत नाही. दट्ट्याची धाव संपली, की चेन दात्यांवर वर चढू लागते आणि एक दाता उडाला तर वरच्या उदाहरणात क्रँकशाफ्टच्या मापाने थेट १८ अंशांचा फरक पडतो.

यावरून किलोमीटरचा आकडा अपुरा का पडतो, तेही लक्षात येईल. सांधा किती वेळा वाकला आणि कशा ऑइलमध्ये वाकला, यावर झीज ठरते. सरासरी दीड हजार आरपीएम आणि ताशी ४० किलोमीटर धरले, तर दोन लाख किलोमीटरमध्ये आपल्या उदाहरणातील प्रत्येक सांधा सुमारे २८ कोटी वेळा हलतो. हीच गाडी शहरातील कोंडीत ताशी २० किलोमीटरच्या सरासरीने चालली, तर त्याच आरपीएमला तेवढे हेलकावे एका लाखातच पूर्ण होतात. मीटर निम्मे दाखवतो, चेनचे वय मात्र तेवढेच असते.

दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घालणारे, पण ऑइलची पातळी पाहायची डिपस्टिक वर्षानुवर्षे न काढणारे मालक मी पुष्कळ पाहिले आहेत. पूजेला आक्षेप नाही, ऑइलला मात्र तिची गरज नसते. पेट्रोल पंपावर खपवल्या जाणाऱ्या जादुई बाटल्यांचेही तेच. झिजून गेलेला धातू कोणतेही द्रव पिनवर पुन्हा चढवू शकत नाही.

किलोमीटरचा आकडा अपुरा असल्यामुळे एक लाख किलोमीटरला सरसकट चेन बदला, हा सल्ला मला तितकाच अडाणी वाटतो. रात्रभर उभ्या गाडीला सकाळी स्टार्टर मारल्यावर टेन्शनरमध्ये ऑइल चढेपर्यंत क्षणभर खडखड होणे हा इशारा आहे. ती दोन-तीन सेकंदांपेक्षा लांबू लागली, तर तपासणी टाळू नये. स्कॅनरवर क्रँक आणि कॅम सेन्सरमधील मेळ बिघडल्याचा पी००१६ हा कोड येणे ही पुढची पायरी, जरी तो बिघडलेल्या सेन्सरमुळेही येऊ शकतो. काही इंजिनांत टेन्शनर काढून दट्ट्या किती बाहेर आला आहे, हे मोजता येते आणि माझ्या मते निर्णयासाठी हे माप सर्वांत भरवशाचे आहे. चेन कोठे बसवली आहे, यावरही हिशेब बदलतो. बीएमडब्ल्यूच्या एन४७ डिझेलमध्ये ती गिअरबॉक्सच्या बाजूला आहे, त्यामुळे अन्य कारणाने गिअरबॉक्स उतरलाच असेल तर चेनकडे पाहून घेणे शहाणपणाचे ठरते.

बदलायचे ठरले तर एकटी चेन बदलू नये. झिजलेल्या चेनबरोबर दातेही झिजलेले असतात आणि त्यांच्यावर नवी चेन लवकर खराब होते. चेन, दातेचक्रे, गाइड आणि टेन्शनर असे पूर्ण किट बसवावे. खुणा जुळवून झाल्यावर स्टार्टर मारण्याआधी क्रँकशाफ्ट पान्याने हळूहळू दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा पुन्हा तपासायला मेकॅनिकला सांगावे. मध्येच काही अडले, तर जोर न लावता तेथेच थांबून जुळणी नव्याने करावी.