सांगतं कोण आणि बघतं कोण

कथा कुणाला वाचायला दिली की एक शेरा हमखास येतो, "दृष्टिकोन गडबडलाय." लिहिणारा मान डोलावतो आणि घरी येऊन ‘ती’चं ‘मी’ करून टाकतो. गडबड जिथल्या तिथे राहते, कारण बदलला तो निवेदक आणि बिघडलं होतं ते दुसरंच.

निवेदक म्हणजे सांगणारा, वाक्यं त्याची. दृष्टिकोन ज्याचा, त्याच्या डोळ्या-कानांनी आपण प्रसंगात असतो. फ्रेंच समीक्षक जेरार झेनेत यांनी १९७२ साली हे दोन प्रश्न वेगळे काढले: बोलतंय कोण, आणि बघतंय कोण? पुढे १९८३ मध्ये त्यांनीच ‘बघतंय’ऐवजी ‘जाणवतंय कोणाला’ असा बदल केला. अंधारात घडणाऱ्या प्रसंगांची त्यामुळे सोय झाली म्हणायची.

आता हे वाचा:

"सुमन खिडकीशी उभी होती. खाली कोणीतरी सायकल लावत होतं. पोस्टमन असेल. पण पोस्टमन इतक्या सावकाश सायकल लावत नाही."

सांगणारा बाहेरचा आहे, तो तिला ‘सुमन’ म्हणतो. पण ‘कोणीतरी’ आणि ‘असेल’ हे शब्द त्याचे नाहीत. त्याला खाली कोण आलंय ते ठाऊक असणारच, ठाऊक नाही ते सुमनला. पुढचं वाक्य "सुमनच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला" असं आलं की संपलं. स्वतःचा चेहरा तिला दिसतो कुठे? तिथे "तिच्या पोटात खड्डा पडला" लिहिलं, तर आपण आतच राहतो. सगळ्यांच्या मनातलं जाणणारा निवेदक हवा असेल तर खुशाल असावा, पण मग त्याने पहिल्या परिच्छेदापासून तसं वागावं. तीन पानं सुमनच्या डोळ्यांनी बघून चौथ्यावर अचानक सर्वज्ञ होऊ नये.

प्रथमपुरुषी कथेत सांगणारा आणि बघणारा एकच, असं वाटतं. मला तर खरी गंमत तिथेच दिसते.

"आजोबा त्या दिवशी जेवले नाहीत. भाजी आवडली नसेल."

"आजोबा त्या दिवशी जेवले नाहीत. खटल्याचा निकाल विरुद्ध गेला होता, हे मला फार उशिरा कळलं."

दोन्हीकडे सांगणारा तोच मोठा झालेला ‘मी’. पहिल्यात डोळे आठ वर्षांच्या पोराचे आहेत, दुसऱ्यात चाळिशीतल्या माणसाचे. बालपणाच्या कथा फसतात त्या बहुतेक इथेच: पोराचे डोळे धरलेले असतात आणि मध्येच मोठा माणूस शहाणपण सांगून जातो.

मराठीत ‘मी’ घेतला की आणखी एक गोष्ट उघडी पडते. ‘मी आलो’ किंवा ‘मी आले’, पहिल्याच क्रियापदाला निवेदक बाई की पुरुष ते कळतं. लपवायचंच असेल तर भूतकाळातली सकर्मक क्रियापदं मदतीला येतात. "मी दार उघडलं, दिवा लावला, पत्र वाचलं" यात क्रियापद कर्माप्रमाणे चालतं, सांगणाऱ्याचा पत्ता लागत नाही. अख्खी कथा अशी ओढणं मात्र कसरत आहे. ‘बसलो’ की ‘बसले’ कधीतरी येणारच.

डोळे कुठे निसटले ते शोधायची एक युक्ती फ्रेंच समीक्षक रोलाँ बार्त यांनी १९६६ च्या निबंधात सांगितली आहे. तृतीयपुरुषी उताऱ्यात पात्राच्या जागी ‘मी’ घालून वाचायचं. "सुमन खिडकीशी उभी होती" चं "मी खिडकीशी उभी होते" होतं, काही बिघडत नाही. "तिला काहीतरी आठवलं असावं" चं मात्र "मला काहीतरी आठवलं असावं" होतं आणि वाक्य लंगडतं. तिथे बघणारा बाहेर उभा आहे. हे कथा कायमची ‘मी’त नेण्यासाठी नव्हे, तपासलं की ‘मी’ काढून टाकायचा.

एवढं मात्र करा, की फाइलची प्रत काढून त्यावर हा खेळ करा. मी एकदा मूळ मसुद्यातच ‘सगळीकडे बदला’ची कळ दाबली. ‘सुमनला’चं ‘मीला’ झालं, ‘सुमनने’चं ‘मीने’, आणि एका ‘सुमनताईं’चं ‘मीताई’. लंगडी वाक्यं सापडली नऊ, ती दुरुस्त करायला अर्धा तास लागला. ‘मीला’ निस्तरण्यात रविवार गेला.