पगार वाढतोय की फक्त गाव बदलतंय?

दुसऱ्या शहरातल्या नोकरीची ऑफर हातात घेऊन आमच्याकडे सल्ल्याला येणाऱ्यांना आमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: घर कुठं बघितलंय?

समजा, आज नाशिकमध्ये हातात ५२,००० पडतात आणि घरभाडं १३,००० आहे. ठाण्याच्या नोकरीत हातात ७०,००० येतील, पण तेवढ्याच टू बीएचकेला २८,००० मोजावे लागतील. भाडं वजा केलं की इथं ३९,००० उरतात, तिथं ४२,०००. वाढलेल्या अठरा हजारांतले तीनच शिल्लक! त्यात ब्रोकरला एका महिन्याचं भाडं द्यायचं आणि करार ११ महिन्यांचा, म्हणजे महिन्याला २,५४५ रुपये तिकडे गेले. राहिले साडेचारशे, आणि लोकलचा पास अजून काढायचाच आहे. डिपॉझिट परत मिळतं म्हणून इथं धरलेलं नाही, पण तेवढे पैसे अडकतात. (आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे घालून बघा.)

बरेच जण महागाईचा निर्देशांक बघून येतात. केंद्र सरकारचा लेबर ब्युरो ८८ औद्योगिक केंद्रांचे असे आकडे काढतो. त्यात मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, सोलापूर आहेत. पण या आकड्यांवरून एक शहर दुसऱ्यापेक्षा महाग ठरवता येत नाही. इथं प्रत्येक केंद्राचा २०१६ चा आकडा १०० धरलेला असतो. नागपूरचा आकडा मुंबईहून मोठा दिसला, तर २०१६ पासून नागपुरात दर जास्त वेगानं वाढले, एवढंच कळतं. मुंबई स्वस्त झाली असं नव्हे. आपल्याच शहराचा गेल्या वर्षीचा आणि आत्ताचा आकडा घेऊन इन्क्रिमेंट खरंच वाढ आहे का, हे मात्र त्यावरून छान तपासता येतं.

केंद्र सरकारच्या घरभाडे भत्त्यासाठी शहरांचे एक्स, वाय, झेड असे वर्ग केलेले असतात, तेही तोलायला घेऊ नका. ते लोकसंख्येवर ठरतात. सातव्या वेतन आयोगाखाली जानेवारी २०२४ पासून मुंबई आणि पुणे दोन्हींना मूळ वेतनाच्या ३० टक्के, नाशिक-नागपूरला २०. दादर आणि कोथरूड दोन्हीकडे खोली शोधलेल्या माणसाला हे वाचून हसू येईल.

किराण्याचे खरे रुपयांतले भाव हवे असतील तर केंद्र सरकारचा ग्राहक व्यवहार विभाग तूरडाळ, कांदा, दूध वगैरेंचे ठिकाणवार दर रोज देतो. पण आमचा अनुभव असा, की डाळ-तांदळावर निर्णय फिरत नाही. तो भाडं, प्रवास आणि मुलांच्या शाळेवर फिरतो.

सीटीसीची (कंपनी तुमच्यावर करणार तो एकूण खर्च) तुलना सीटीसीशी करू नका, हातात पडणाऱ्या पगाराची करा. त्यात कंपनीचा पीएफ आणि बहुधा ग्रॅच्युइटीही धरलेली असते. शिवाय नव्या करप्रणालीत घरभाड्याची सूट मिळत नाही, त्यामुळे मोठं भाडं भरूनही करात फायदा नाही.

येताना ऑफर लेटर, शेवटच्या तीन सॅलरी स्लिप, सध्याच्या भाडेकराराची प्रत आणि नव्या शहरात बघितलेल्या दोन-तीन घरांची भाडी लिहून आणा.