पाणी आधी की वीज आधी?

भांडेवाडीत शुद्ध केलेले सांडपाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला पुरवले जाते, त्यामुळे सांडपाण्याचा विजेशी असलेला संबंध नागपूरकरांना नवा नाही. प्रकाश-उत्प्रेरकी इंधन घटात हा संबंध उलट दिशेने जुळतो : पाण्यातली सेंद्रिय घाण हेच इंधन आणि तिचे ऑक्सिडीकरण घडवून आणते ते ऊन.

घटाच्या ॲनोडवर, म्हणजे इलेक्ट्रॉन जिथून तारेत शिरतात त्या अग्रावर, बहुधा टायटॅनियम डायऑक्साइडचा थर असतो. त्यावर प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन सुटतो आणि मागे धनभारित पोकळी राहते. पोकळी रंग, फिनॉल यांसारख्या रेणूंचे विघटन करते, तर इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेतून कॅथोडवर, म्हणजे दुसऱ्या अग्रावर, पोहोचून ऑक्सिजनला मिळतो. मात्र हे साधण्यासाठी सुमारे ३८७ नॅनोमीटरहून आखूड तरंगलांबीचा, म्हणजे अतिनील, प्रकाश लागतो. वैशाखातल्या भर दुपारी चौरस मीटरवर सुमारे १००० वॅट ऊन पडत असले, तरी त्यातले अतिनील किरण जेमतेम ४०–५० वॅटचे असतात. कॅडमियम सल्फाइड दृश्य प्रकाशही शोषते, पण त्याच प्रकाशात ते स्वतः झिजते. पाण्यात कॅडमियम सोडणारे शुद्धीकरण यंत्र कोणाला हवे आहे? टंग्स्टन ऑक्साइड आम्लात टिकते, अल्कधर्मी पाण्यात विरघळते, शिवाय त्यावर मिळणारा विद्युतदाबही कमी असतो.

थराची जाडी ठरवतानाही असाच पेच पडतो. थर पातळ ठेवला तर बराच प्रकाश आरपार निघून जातो. जाड केला तर इलेक्ट्रॉनला तारेपर्यंत लांबचा पल्ला गाठावा लागतो आणि वाटेतच तो एखाद्या पोकळीला मिळून वाया जातो. धातूच्या पत्र्यावर उभ्या वाढवलेल्या सूक्ष्म नळ्या त्याला सरळ वाट देतात, पण पत्रा अपारदर्शक असल्यामुळे प्रकाश पाण्याच्या बाजूनेच द्यावा लागतो, आणि गढूळ पाणी तो आधीच गिळून टाकते. ऑक्सिजनचेही तसेच : कॅथोडला तो हवा असतो, ॲनोडपाशी मात्र तोच इलेक्ट्रॉन पळवतो. मध्ये पडदा घातला की खर्च वाढतो आणि अंतर्गत रोधही.

माझ्या मते सर्वांत मोठी तडजोड बाहेरच्या परिपथात आहे. दोन्ही अग्रे थेट जोडली तर प्रवाह सर्वाधिक वाहतो आणि घाण झपाट्याने नष्ट होते, पण हाती वीज लागत नाही. जास्तीत जास्त वीज हवी असेल तर मध्ये योग्य रोध ठेवावा लागतो आणि शुद्धीकरणाचा वेग कमी होतो. लिटरमागे २५० मिलिग्रॅम रासायनिक ऑक्सिजन मागणी (घाणीच्या ऑक्सिडीकरणाला लागणारा ऑक्सिजन) असलेले १००० लिटर पाणी घेऊन त्यातला प्रत्येक इलेक्ट्रॉन अर्ध्या व्होल्टवर पकडला, तरी जेमतेम ०.४ युनिट वीज मिळेल, आणि प्रत्यक्षात तर बरेच इलेक्ट्रॉन निसटतात. म्हणून रंगकामाच्या कारखान्यातील, गाळ काढून झालेल्या पण जिवाणूंना न पचणाऱ्या रंगीत पाण्यासाठी हा घट मांडायचा असेल, तर रोध कमीच ठेवावा आणि मिळेल तेवढ्या विजेवर एखादा संवेदक चालवावा.