प्रकाशाचे शेवटचे शंभर मीटर

समुद्राखालून हजारो किलोमीटर धावणाऱ्या केबलींचं कौतुक सगळेच करतात. डेटा सेंटरच्या आत सर्व्हरच्या एका रॅकमधून (कपाटातून) दुसऱ्या रॅकपर्यंत, फार तर शंभर मीटर माहिती पोचवण्याची कसरत मात्र दुर्लक्षित राहते. मला तीच जास्त विलक्षण वाटते. मोठ्या केंद्रात असे हजारो जोड लागतात, त्यामुळे इथलं तंत्र वेगवान असून भागत नाही, स्वस्त आणि कमी वीज खाणारंही लागतं.

तांब्याची तार इथे लवकर हार मानते. संकेताची वारंवारता वाढली की वीज तारेच्या पृष्ठभागालगतच वाहू लागते आणि संकेत झपाट्याने क्षीण होतो. सेकंदाला 25 गिगाबिटच्या वेगाला साधी तांब्याची केबल जेमतेम पाच मीटर पुरते. म्हणजे एका रॅकपुरती. त्यापुढे काचतंतू हवा आणि त्याच्या दोन्ही टोकांना ट्रान्सीव्हर हवा. नेटवर्क स्विचच्या खाचेत बसणारं हे बोटभर मॉड्यूल विजेच्या संकेताचा प्रकाश करतं आणि आलेल्या प्रकाशाची पुन्हा वीज.

कमी अंतराच्या मॉड्यूलचा प्राण म्हणजे व्हिक्सेल हा लेझर. जपानच्या केनिची इगा यांना 1977 मध्ये त्याची कल्पना सुचली. नेहमीच्या सेमीकंडक्टर लेझरमधून प्रकाश चिपच्या कडेतून निघतो; तो नीट चालतो का, हे सहसा वेफरचे, म्हणजे ज्या चकतीवर लेझर घडवतात तिचे, तुकडे पाडल्यावरच कळतं. व्हिक्सेलचा प्रकाश पृष्ठभागातून सरळ वर येतो. त्यामुळे एका वेफरवरचे हजारो लेझर कापण्याआधीच तपासता येतात. स्वस्ताईचं मोठं गमक हेच. त्याचा 850 नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्यांना जवळपास दिसत नाही, म्हणून चालू तंतूच्या टोकात कधीही डोकावू नये.

हा प्रकाश ज्या मल्टिमोड तंतूत शिरतो त्याचा गाभा 50 मायक्रॉन रुंद असतो. लांब पल्ल्याच्या सिंगलमोड तंतूचा सुमारे 9. रुंद गाभ्यात लेझर नेमका बसवणं सोपं, पण तिथे प्रकाशाला अनेक वाटा मिळतात. कुणी मधून सरळ जातो, कुणी कडेकडेने वळत, आणि लांबच्या वाटेचा मागे पडतो. यावर उपाय म्हणून काचेचा अपवर्तनांक (तो जितका जास्त, तितका प्रकाश संथ) मध्यभागी जास्त आणि कडेला कमी ठेवतात. शहराबाहेरच्या बायपासने लांबून पण वेगात गेलेली गाडी शहरातून गेलेल्या गाडीबरोबरच पोचावी, तसे सगळे किरण जवळपास एकाच वेळी पोचतात. अडचण आहे ती त्या ‘जवळपास’मध्ये. 25 गिगाबिटच्या वेगाला काचेतल्या एका बिटची लांबी असते जेमतेम 8 मिलिमीटर. किरणांच्या वेळेत थोडाही फरक पडला, की शेजारचे बिट एकमेकांत मिसळतात. त्यात व्हिक्सेलच्या प्रकाशात थोड्या वेगवेगळ्या तरंगलांबी असतात आणि काचेत त्यांचा वेगही वेगळा. म्हणून ओएम3 प्रकारच्या तंतूवर 10 गिगाबिट 300 मीटर जातं, 25 गिगाबिट मात्र 70 मीटरच. त्याहून सरस ओएम4 तंतूवर तेच शंभर मीटर.

मग वेग वाढवायचा कसा? एक वाट म्हणजे तंतू वाढवणं. 2015 मध्ये प्रमाणित झालेल्या 100 गिगाबिटच्या एसआर4 या कमी अंतराच्या जोडात जाण्याचे चार आणि येण्याचे चार तंतू असतात. दुसरी वाट म्हणजे प्रकाश नुसता चालू-बंद न करता त्याच्या चार पातळ्या वापरणं. मग प्रत्येक ठोक्याला दोन बिट जातात. पण पातळ्यांमधलं अंतर एक तृतीयांशावर येतं आणि गोंगाटाने चुका वाढतात. त्या दुरुस्त करणारं गणित साधारण शंभर नॅनोसेकंद घेतं. तेवढ्यात प्रकाश काचेतून 20 मीटर गेला असता! एआयचं प्रशिक्षण देणाऱ्या, सतत एकमेकांशी बोलणाऱ्या हजारो चिपांच्या जाळ्यात या विलंबाचाही हिशोब ठेवावा लागतो.

आता 500 मीटर जाणारी सिंगलमोड मॉड्यूल्स सिलिकॉन फोटॉनिक्समुळे, म्हणजे प्रकाशाचे भाग सिलिकॉन चिपवरच घडवण्याच्या तंत्रामुळे, आवाक्यात येत आहेत आणि नव्या मोठ्या केंद्रांत त्यांचा वापर वाढतो आहे. तरीही व्हिक्सेल आटोपला असं मी म्हणणार नाही. 2022 च्या प्रमाणकाने त्याच्या एकेका लेनवर, म्हणजे एका लेझरच्या मार्गावर, 100 गिगाबिट चढवले, तेही ओएम4 वर शंभर मीटरपर्यंत.