रॅलीला लाखोंची गाडी लागते?

फिरणारा मेसेज असा: रॅली म्हणजे बेफाम वेग, त्यासाठी लाखो रुपये खर्चून बनवलेली गाडी लागते.

वेगाच्या रॅलीबाबत हे बऱ्याच अंशी खरं आहे. तिथे रोल केज (गाडी उलटली तर आतल्यांना वाचवणारा लोखंडी सांगाडा), हेल्मेट, परवाना लागतो आणि रस्ता बंद ठेवला जातो. पण हौशी लोक बहुधा टीएसडीपासून, म्हणजे वेळ-वेग-अंतर रॅलीपासून सुरुवात करतात. त्यात रस्ता चालू असतो आणि दिलेला सरासरी वेग कायद्याच्या मर्यादेत असतो. वेळ नोंदणाऱ्या गुप्त चौकीवर उशिरा पोचलात तर दंडाचे गुण, लवकर पोचलात तरी दंडाचे गुण. म्हणजे सुसाट जाणाराच मागे पडतो!

घरची गाडी चालते. खरं काम नेव्हिगेटरचं, म्हणजे शेजारी बसून वाट आणि वेळेचा हिशोब सांगणाऱ्याचं. ताशी 30 म्हणजे किलोमीटरला 2 मिनिटं, 36 म्हणजे 100 सेकंद. गुरं आडवी आली, मिनिट गेलं? सरासरी 30 असेल तर पुढचे 2 किमी 40 ने चाला, भरून निघतं.

नवखे हरतात ते ओडोमीटरमुळे, म्हणजे गाडीच्या अंतर मोजणाऱ्या मीटरमुळे. मोठे टायर टाकले की तो कमी अंतर दाखवतो. यवतमाळ-वणीकडच्या मोकळ्या रस्त्यावर सकाळी किलोमीटरचे दगड धरून 10 किमी मोजा. मीटरने समजा उलट जास्त, 10.3 दाखवले, तर 30 च्या वेगाला 36 सेकंदांची चूक. मग मीटरवरच्या प्रत्येक आकड्याला 0.97 ने गुणा.

सराव पांदणीवर करायचा तर उन्हाळ्यातच. पावसात काळी माती चाकाला धरते, मग ट्रॅक्टरच बोलवावा लागतो.