गढीची कड आणि कलम 264

पावसाळा तोंडावर आला की नाशकात गोदावरीकाठच्या काझीच्या गढी या मातीच्या उंच टेकाडावरच्या घरांना नोटिसा जातात. घर धोकादायक आहे, रिकामं करा. पण तिथे धोका घरापेक्षा घराखालच्या मातीला जास्त आहे, आणि सगळा घोळ ‘धोकादायक’ या एका शब्दाचा आहे.

जुनं नाशिक नऊ टेकांवर वसलं असं मानतात. ‘नवशिख’ म्हणजे नऊ शिखरं, त्यावरून नाशिक ही एक व्युत्पत्तीही त्यातलीच. गढीची उंची मात्र बरीचशी माणसांनीच वाढवलेली. 1950-51 मध्ये इथे उत्खनन झालं, तेव्हा सातवाहनांच्याही आधीपासून एकावर एक साचलेले वस्तीचे थर निघाले. गावाची पांढरी म्हणतात ना, तीच ही. राख, खापरं, विटांचे तुकडे, बारीक माती. कोरडी असली की कड भिंतीसारखी उभी राहते. भिजली की ढेपच्या ढेप सुटते.

पाणी दोन्हीकडून येतं. 2008, 2016 आणि 2019 चे गोदावरीचे पूर नाशिककरांना आठवतात. नदी फुगलेली असते तेव्हा तिचं पाणी काठाला बाहेरून टेकूही देत असतं. पूर झपाट्याने ओसरला की टेकू जातो आणि आत मुरलेलं पाणी मातीला बाहेर लोटतं. नदीपात्रातला दुतोंड्या मारुती, ज्यावरून नाशिककर पुराची पातळी जोखतात, तो उघडा पडला म्हणून गढीवर निर्धास्त झोपता येत नाही. वरून सांडपाणी. मोरीचा पाइप कडेवरून सोडलेला असतो आणि त्याखाली भर उन्हाळ्यातही गवताचा हिरवा पुंजका दिसतो. तिथली माती वर्षभर ओलीच असते.

आता ती नोटीस. महापालिका अधिनियमाचं कलम 264 मोडकळीला आलेल्या, पडायला झालेल्या बांधकामाबद्दल आहे. जुन्या नाशकातल्या कलत्या वाड्यांना ते चपखल बसतं. गढीवर घराच्या भिंती ठणठणीत असू शकतात, आणि भेग अंगणातून, कडेला समांतर गेलेली असते. राहणारा म्हणतो, माझं घर पक्कं आहे. नोटीस देणारा म्हणतो, धोकादायक आहे. दोघंही खरं बोलतात, फक्त वेगवेगळ्या गोष्टींबद्दल.

इमारतीच्या पायाच्या भारतीय मानकात (आयएस 1904) उताराजवळचं अंतर पायाच्या खालच्या कडेपासून मोजतात: मातीत निदान 90 सेंटीमीटर, खडकात 60. शिवाय पायाखालून आडव्याशी 30 अंशांच्या कोनात पसरणारी माती उताराने छेदलेली नको. पण हे सगळं उतार जागेवर राहील असं धरून. इथे कडच मागे सरकते. काल घरामागे दोन हात जागा होती, आज तिथे हवा.

म्हणूनच संरक्षक भिंतीची मागणी जुनी आहे आणि रास्तही. मात्र मागून पाणी काढायची सोय न ठेवता भिंत घातली, तर ती पाणी अडवून पोट काढते. आधी मोऱ्या ड्रेनेजच्या नळाला जोडा, मग भिंत, हा क्रम सभांमध्ये क्वचितच ऐकू येतो. स्थलांतराचं नाव काढलं की घाट, बाजार आणि रोजगार लांब पडेल ही भीती पुढे येते. ती काही हट्टाची नव्हे.

30 जुलै 2014 ला पुणे जिल्ह्यातलं माळीण गाव दरडीखाली गाडलं गेलं आणि राज्याचं लक्ष डोंगरांकडे वळलं. 2020 च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत 1:5 पेक्षा तीव्र उतारावर बांधकामाला मज्जाव आहे. पाच फूट चालल्यावर एक फूट चढ, म्हणजे जेमतेम 11 अंश. नियमावलीचा रोख नव्या परवानग्यांवर. गढीवरची जुनी घरं परवानगी मागायला जातच नाहीत.